दोनवर आलेला खोकला

मलप्पा आमचे घरमालक. पण त्यांना तोरा घराचा नव्हता, गळ्याचा होता. लातूरच्या मोंढ्यात ते सौदे पुकारायचे. धान्याची रास पडायची, आडते आणि खरेदीदार तिच्याभोवती गोल करून उभे राहायचे, आणि मलप्पा राशीच्या डोक्याशी उभे राहून चढता भाव पुकारायचे. शेवटी ‘एक, दोन, तीन’ झालं की सौदा पक्का. या गळ्यावरच लातूरचा बाजार चाललाय असं त्यांचं मत होतं. शेतकऱ्यांना, हमालांना आणि दालमिलवाल्यांना ते कुणी कळवलं नव्हतं एवढंच.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, तीही नावाची. त्यामुळे गावाला खणखणीत आवाजाचा म्हणून ठाऊक असलेला हा माणूस मला खोकणारा म्हणून ठाऊक होता. सकाळी उठले की मलप्पा न्हाणीत जायचे, कडी लावायचे, बादलीत धो धो पाणी सोडायचे आणि त्या आवाजाच्या आडोशाला खोकून घ्यायचे. आपल्याला खोकला आहे हे बायकोलासुद्धा माहीत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती.

मग दुष्काळ पडला. लातूरचा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नव्या पाट्या आल्या, नवे साहेब आले, साहेबांच्या नव्या जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. टँकर आला तर आला. बादलीत सोडायला पाणीच उरलं नाही, तेव्हा मलप्पा रिकामी बादली फरशीवर आपटून खोकायला लागले. समोरच्या बायका मला विचारायच्या, “बाई, तुमच्या घरमालकाच्या न्हाणीत कुणी कल्हई करून राहिलंय का?”

खोकल्याची एवढी लाज कशाला, असं कुणालाही वाटेल. तर त्याचं कारणही मलप्पाच. ते तरुण असताना मोंढ्यात एक म्हातारे पुकारणारे होते. त्यांना दम लागायचा, मध्येच खोकल्याची उबळ यायची. मलप्पांनी आडत्यांच्या डोक्यात भरवून दिलं, की पुकार म्हणजे एका दमात व्हायला पाहिजे, दोन आणि तीनच्या मध्ये पुकारणारा खोकला तर पुकार तुटली आणि पुकार तुटली की सौदा फुटला, पुन्हा पहिल्यापासून. आडत्यांना ते पटलं, कारण फुटलेल्या सौद्यात कुणाचा ना कुणाचा फायदा असतोच. म्हातारे त्याच हंगामात घरी बसले आणि त्यांच्या जागी मलप्पा उभे राहिले. ‘दोनवर खोकला’ हा शब्दच मग मोंढ्यात रूढ झाला. ऐन वेळी माती खाणाऱ्या माणसाला लातुरात म्हणायचे, दोनवर खोकला गडी. दुसऱ्याच्या खोकल्यावर नियम करताना आपल्यालाही नरडं आहे हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

त्यात आणखी एक पथ्य. रास म्हणजे लक्ष्मी, तिच्यासमोर थुंकायचं नाही. तेव्हा मलप्पा तुरीची धूळ, ज्वारीची कुसं, करडीचे काटे असं सगळं दिवसभर ओढून घ्यायचे, वर आलेला कफ परत गिळायचे, आणि दोन राशींच्या मधल्या वेळात विडी ओढायचे. वर तोंडात गुळाचा खडा. गुळाला धूळ चिकटते आणि पोटात जाते, हे मोंढ्यातलं शास्त्र. शिकलेले आडतेसुद्धा गूळ चघळत उभे राहायचे.

शरणम्मा म्हणजे त्यांची बायको. निलंग्याकडची, कमी बोलणारी, पण डोळे उघडे असलेली. एका दुपारी माझ्या दारात ज्वारी पाखडत बसली असताना तिने मला विचारलं, “बाई, तुम्ही पोरांना शरीराचं शिकवता म्हनं. ह्येंच्या छातीत सकाळी घरघर करतंय ते काय आसतंय?”

मी कागद घेतला आणि तिला नळी काढून दाखवली. म्हटलं, टँकरचा पाइप बघितलाय ना, दबू नये म्हणून आत कडी घातलेला? श्वासनळी तशीच असते. तिला कूर्चेची कडी असतात, कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं ना तसलं मऊ हाड. ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात, कारण मागे अन्ननळी टेकलेली असते आणि घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. आतून ओलं अस्तर. त्या अस्तराच्या पेशींना डोळ्याला न दिसणारे केस असतात, पक्ष्माभिका म्हणतात त्यांना. त्यांच्या मध्ये मध्ये पेल्याच्या आकाराच्या दुसऱ्या पेशी असतात, त्या चिकट श्लेष्म सोडतात. हवेतली धूळ त्या चिकटात अडकते आणि ते केस सगळा थर हळूहळू वर लोटत राहतात, खालून घशापर्यंत. तिथून आपण तो गिळतो, आपल्याला कळतही नाही.

“म्हंजी आत सारखं कुणीतरी झाडून राहिलंय,” शरणम्मा म्हणाली.

“हो. पण विडीच्या धुराने ते केस आधी लुळे पडतात आणि मग झडतात. चिकट सोडणाऱ्या पेशी मात्र वाढत जातात. कचरा वाढला आणि झाडणारं कुणी उरलं नाही. मग बाहेर काढायला एकच उपाय राहतो, खोकला. तुझ्या मालकांचा खोकला म्हणजे रोग नाही शरणम्मा, ती शेवटची केरसुणी आहे. आणि तो गूळ जातो मागच्या नळीतून. धुळीची आणि त्याची गाठसुद्धा पडत नाही.”

मलप्पा ओसरीवर बाजेवर पडून हे ऐकत होते. ते उठून बसले. “माझ्या नरड्यात केसं? बाई, मी काय शेळी हाय का?” आणि आपल्याच विनोदावर ते एवढे हसले, की हसता हसता उबळ आली आणि तोंडावर हात धरून न्हाणीत पळाले. बादली वाजली. दुसऱ्या दिवशी ‘मास्तरीणबाईंचं केसाळ नरडं’ ही गोष्ट मोंढ्यात चहाबरोबर वाटली गेली होती.

त्या वर्षी अहमदपूरच्या बाजारात मालच आला नाही. तिथला पुकारणारा वीरभद्र कामासाठी लातुरात आला. मलप्पांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, छाती मोकळी, बोलणं गोड. लातुरातही माल बेताचाच होता, दोन पुकारणाऱ्यांना पुरेल एवढा नव्हता. मोंढ्यातले मोठे आडते आप्पासाहेब यांनी जाहीर केलं, की संक्रांतीनंतर नवी तूर येईल तेव्हा पहिला आठवडा दोघांनीही पुकारावं. ज्याचा सौदा फुटणार नाही, तो राहील.

मलप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. कबूल कसलं करतात ते, पण एक विडी विझायच्या आत दुसरी पेटायची ते मी बघत होते. पुकारणं गेलं तर या माणसाकडे उरणार काय होतं? घरात बोलायची सवय नाही, देवळात बसायची सवय नाही. राशीपासून हात-दोन हात मागे सरकले की ते चारचौघांसारखे एक म्हातारे व्हायचे. चारचौघांसारखं होण्याची एवढी धास्ती घेतलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

शरणम्माने हट्ट धरला म्हणून ते सरकारी दवाखान्यात गेले. सोबत मी. डॉक्टर नवे होते, कोकणाकडचे. त्यांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, “दम लागतो का?”

“लागतो म्हंजी?” मलप्पा ताठ झाले. “आख्खा मोंढा माझ्या दमावर चालतो डॉक्टरसाहेब. इचारा कुणालाबी.”

“तसं नव्हे. जिना चढताना दम...”

“दम हाय म्हनून तर आलोय. नसता तर आलो आसतो का?”

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी नाद सोडला आणि कागदावर लिहून दिलं: विडी बंद, गरम पाण्याची वाफ, पाणी भरपूर, आलेला कफ खोकून बाहेर टाका, गिळू नका, आणि धुळीत उभं राहायचं तर तोंडाला फडकं बांधा. बाहेर आल्यावर मलप्पा म्हणाले, “पाणी भरपूर म्हनं. ह्या डॉक्टरला कुनी सांगितलं नाही का, कुठं बदली झालीय ते? आन् तोंडाला फडकं बांधून पुकारू? दरोडा घालायला उभा राहतो का मी?” यातलं पाण्याचं खरंच होतं. बाकीचं त्यांनी पाण्याबरोबर सोडून दिलं.

मग त्यांनी आपल्या अकलेने इलाज केला. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका दुकानातून खोकल्याचं जाड, गोड, लाल औषध आणलं. मी बाटलीवरचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. अफूच्या जातीचं औषध होतं ते. खोकला उठवणारी मेंदूतली जागाच ते झोपवतं. मी त्यांना सरळ सांगितलं, “याने कफ जात नाही, फक्त खोकला जातो. कफ खालीच साचत राहील. झाडणारे केस गेलेत तुमचे, आता केरसुणीही मोडताय.”

“खोकला थांबला की रोग थांबला,” मलप्पा म्हणाले. वर मला समजावलं, “बाई, तुमचं पुस्तकातलं नरडं आन् माझं नरडं, ह्यात फरक हाय.” ते चमच्याने घ्यायचं औषध ते बाटलीनेच घ्यायला लागले.

तो आठवडा आला. मी मुद्दाम मोंढ्यात गेले, आणि जे ऐकलं ते सांगायला मला आजही जिवावर येतं, पण सांगते. काय पुकारलं त्या माणसाने! भाव वर चढत होता तसा आवाज चढत होता, कुठे धाप नाही, कुठे खरखर नाही. ‘दोन’ म्हणून ते क्षणभर थांबायचे, मुद्दाम, सगळ्यांना दाखवायला, आणि मग ‘तीन’. माझ्या अंगावर काटा आला आणि आला म्हणून मला माझाच राग आला. वीरभद्रही चांगला पुकारत होता, पण त्याच्या आवाजात ही मिजास नव्हती. आठवडा संपला तेव्हा आप्पासाहेबांनी मलप्पांना फेटा बांधला. मलप्पा तो फेटा घालून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले.

घरी मात्र शरणम्माचा चेहरा उतरला होता. “बाई, बादली वाजंना झालीय,” ती म्हणाली. “आठवडा झाला, सकाळी काहीच बाहेर पडंना. तुम्ही म्हनला होता, आत साचतंय.” मलप्पा तिला म्हणाले, “गप बस. नवरा बरा झाला तरी हिला दुःख.” आणि फेटा न काढताच जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला. ओठ जांभळे दिसू लागले, बोलता बोलता डोळे मिटायला लागले. औषधाची गुंगी आणि तापाची ग्लानी एकत्र झाली होती. श्वास आत जाताना छातीत दलदल तुडवल्यासारखा आवाज यायचा, आणि तेवढा कफ भरलेला असून त्यांना खोकता येत नव्हतं. आम्ही रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तेच कोकणातले डॉक्टर. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, “हे स्वतः काही बाहेर टाकू शकत नाहीत. गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनळीत नळी घालावी लागेल. त्यातून मी कफ ओढून काढतो. पण हवा मग तिथूनच ये-जा करील, स्वरयंत्रापर्यंत पोचणार नाही. नळी असेपर्यंत आवाज नाही. काढल्यावर येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं वचन मी देत नाही.”

बातमी लागून आप्पासाहेब आणि चार आडते आले होते. सगळ्यांनी एकदम कल्ला केला. पुकारणाऱ्याचा गळा कापायचा म्हणजे काय? आप्पासाहेब म्हणाले, “जरा दम धरा. शुद्धीवर येऊ द्या, त्यांचं त्यांना इचारू. आवाज गेल्यावर मलप्पात राहिलं काय?” जणू फुटका भोंगा दुरुस्त करावा की टाकावा, याची चर्चा चालली होती. डॉक्टर म्हणाले, दम धरायला वेळ नाही, घरचं कोण आहे?

शरणम्मा पुढे झाली. “आवाजाचं तुमचं तुम्ही बघा आप्पासाहेब,” ती म्हणाली. “मला माणूस पायजे. कापा, डॉक्टर.”

मलप्पा लिंगायत, त्यांच्या गळ्यात दोऱ्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. गळा मोकळा हवा होता आणि अंगावरून लिंग उतरवायचं नाही हा त्यांचा धर्म. शरणम्माने कुणाला विचारलं नाही. दोरा गळ्यातून काढून तिने तो नवऱ्याच्या दंडाला बांधला, दोन गाठी मारल्या आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि ती एकदाही रडली नाही. मी रडले.

कंठमण्याच्या खाली, त्या कड्यांच्या मधून नळी आत गेली. डॉक्टरांनी ओढून काढलेला कफ मी काचेच्या बरणीत बघितला. घट्ट, हिरवट पिवळा, आणि त्यात काळे धागे. दोन दिवसांत ओठांचा रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर हाताला काही लागलं नसतं.

शुद्धीवर आल्यावर मलप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. गळ्याच्या नळीतून नुसती फस्स अशी हवा गेली. त्यांनी गळ्याला हात लावला आणि त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्याची मला दया आली, इथे खोटं बोलणार नाही. मग त्यांनी हाताने विचारलं, कुणी? समोर आप्पासाहेब उभे होते. त्यांनी शरणम्माकडे बोट दाखवलं. ते बोट दाखवायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

नळी निघाली, भोक भरून आलं. आवाजही आला, पण घोगरा आणि अर्धा. खोलीत ऐकू येईल एवढा, राशीवर चालेल असा नाही. मोंढ्यात वीरभद्र पुकारू लागला. आणि मलप्पा उरलेल्या आवाजाने जे पहिलं वाक्य बोलले ते असं, “हिनं माझा गळा कापला.” भेटायला येईल त्याला हेच. दूधवाल्याला हेच, पोस्टमनला हेच. आणि लोक, आमचे लातूरचे थोर लोक, मान हलवायचे. “बिचाऱ्याचा सोन्यासारखा गळा,” म्हणायचे. लाल औषधाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नियमाबद्दल तर नाहीच. बाई सापडली होती, मग बाकीचं बघतो कोण?

शरणम्माशी मलप्पा बोलले नाहीत. त्या दिवसानंतर एकही शब्द नाही. घरात दोघंच असली तरी भिंतीकडे बघून म्हणायचे, “कुनीतरी च्या आना म्हनावं.” आणि शरणम्मा चहा आणायची. तिने वाचवलेला श्वास घ्यायचा आणि त्याच श्वासाने तिची बदनामी करायची. मला त्या माणसाची एवढी शिसारी बसली, की भाडंसुद्धा मी त्यांच्या हातात देणं सोडलं. एकदा न राहवून मी शरणम्माला म्हटलं, “सोड ना त्याला. माहेरी जा.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कशाला? माझं घर हाय. त्यालाच करमत नसंल तर त्यानं जावं.”

झडलेले केस काही परत उगवत नाहीत, निदान त्या वयात आणि त्या छातीत तरी नाहीत. डॉक्टरांनी म्हणून शरणम्माला शिकवून ठेवलं होतं. रोज सकाळी त्यांना बाजेवर पालथं घालायचं, डोकं खाली, पंजा ओंजळीसारखा करायचा आणि पाठीवर थापा द्यायच्या, म्हणजे कफ सुटून वर येतो. हे त्यांना स्वतःचं स्वतः करता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची लाज वाटायची. मग मलप्पा सकाळी मुकाट्याने येऊन बाजेवर पालथे पडायचे, शरणम्मा मुकाट्याने पदर खोचायची, आणि थापा सुरू व्हायच्या. कफ पडला की मलप्पा उठायचे, तोंड पुसायचे आणि तिच्याकडे न बघता निघून जायचे. असं पुढे कितीतरी वर्षं चाललं. मलप्पा चांगले म्हातारे होईपर्यंत जगले.

एकदा मी सकाळी परीक्षेचे पेपर घेऊन ओसरीवर बसले होते. मलप्पा पालथे, शरणम्मा थापा देतेय, आवाज पार रस्त्यापर्यंत. मी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, “शरणम्मा, डॉक्टरांनी हलक्या हाताने मारायला सांगितलं होतं ना गं?”

“हाव,” शरणम्मा म्हणाली, “हलक्या हातानंच सांगितलं होतं,” आणि हात आणखी उंच उचलला.